मिसेस पिटमन यांची चांदणी

नगरपालिकेच्या पत्रात लिहिलं होतं की हॅलाक स्ट्रीटवरचं आमचं केसांचं दुकान १९५२ सालापर्यंत एका गोऱ्या विधवेच्या मालकीचं होतं आणि १९५३ साली ते एका काळ्या बाईकडे आलं. गोऱ्या विधवेचं नाव लुव्हिनिया पिटमन. काळ्या बाईचं नावही लुव्हिनिया पिटमन. पत्र लिहिणाऱ्याला यात काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं. जॉर्जियातल्या एका शहरात एकाच नावाच्या दोन बायका असाव्यात आणि एकीने दुसरीला दुकान विकावं, असं त्याने आपल्यापुरतं जुळवून टाकलं होतं.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. या वयात कागदावर मला दोन आया निघतील असं वाटलं नव्हतं.

पत्र माझ्या धाकट्या भावाची मुलगी जनेल हिने वाचून दाखवलं. ती शाळेत इतिहास शिकवते, म्हणून अर्जही तिनेच भरला होता. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाचे कुरळे केस सरळ करायला त्यांवरून तापलेला लोखंडी कंगवा फिरवत होते, आणि असा कंगवा हातात असताना माणसाने चिडू नये, म्हणून मी गप्प राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "परत वाच."

तिने परत वाचलं. अक्षर बदललं नाही.

भानगड अशी होती. आमच्या ओळीतल्या नऊ इमारती पाडून तिथे गाड्या लावायला चार मजले बांधायचे, असा एका कंपनीचा बेत होता. ते थांबवायला एकच वाट होती. १९५०च्या आधी ओळीतली निदान पाच दुकानं काळ्या माणसांच्या मालकीची होती, हे दाखवून द्यायचं. मग ओळ वारशाच्या यादीत जाते आणि तिला कुणी हात लावू शकत नाही. चार दुकानांचे पुरावे जनेलने वर्षभर खपून जमवले होते: बग्ज यांचं अंत्यविधीचं घर, एक शिंपी, एक औषधवाला, एक बेकरी. पाचवं आमचं. त्या पाचांतली आज चालू आहेत ती दोनच, क्लीव्हन बग्जचं आणि माझं. म्हणजे आमच्याकडे केस करून घ्यायचे आणि मग यथावकाश बग्जकडे जायचं, एवढाच व्यवहार हॅलाक स्ट्रीटवर उरलाय.

"पण असं कसं लिहिलं त्यांनी?" मी विचारलं.

"शहराच्या जुन्या डिरेक्टरीवरून, आत्या. मी स्वतः पाहिलीय. आजीच्या नावापुढे बारा वर्षं चांदणी नाही."

त्या डिरेक्टरीत शहरात कोण कुठे राहतं आणि काय काम करतं ते दर वर्षी छापलं जायचं. काळ्या माणसाच्या नावापुढे एक बारीक चांदणी असायची. वाचणाऱ्याला आधीच कळावं, म्हणजे उगीच आदराने वागून बसायला नको. गोऱ्या लग्नाच्या बाईला 'मिसेस' लावत, आमच्या बायकांना नुसतं नाव. १९४१ ते १९५२ 'मिसेस लुव्हिनिया पिटमन, विधवा', चांदणी नाही. १९५३पासून 'लुव्हिनिया पिटमन', चांदणी आहे, मिसेस नाही.

"छापणाऱ्याची चूक असेल का?" जनेलने विचारलं.

"असेल," मी म्हणाले आणि कंगवा पुसायला घेतला. निम्मं खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी बग्ज आला. तो एक्याऐंशीचा आहे, रोज काळा सूट घालतो आणि माझ्याकडे बघताना शवपेटीचं माप घेतल्यासारखं बघतो. मी तसं त्याला सांगितलंही आहे. तो म्हणतो, "तुझं माप कधीच घेऊन ठेवलंय, ओझेल. तू दर वर्षी वाढत्येस आणि मला खोडावं लागतंय."

त्याने चर्चमधला एक जुना पुठ्ठ्याचा पंखा आणला होता. बग्जच्या घराण्याचे हे पंखे आमच्या सगळ्या चर्चमध्ये बाकांवर ठेवलेले असतात. पुढे देवदूताचं चित्र, मागे गल्लीतल्या दुकानांची नावं. या पंख्यावर १९४७ साल होतं आणि चौथ्या ओळीत आमचं दुकान. जनेलला एवढा आनंद झाला की तिने त्या देवदूताचा मुका घेतला.

नगरपालिकेतल्या कारकुनाला मात्र आनंद झाला नाही. प्रेस्टन त्याचं नाव, पोरगेलासा, फोनवर फार नम्र बोलायचा. म्हणाला, गोरे दुकानदारही काळं गिऱ्हाईक मिळावं म्हणून अशा पंख्यांवर नाव देत असत, तेव्हा पंख्यावरून मालकाचा वर्ण ठरत नाही. सुनावणी मंगळवारी दुपारी दोनला आहे. पिटमनबाईंची कन्या हयात आहे असं कळतं. त्यांनी येऊन शपथेवर खुलासा केला, तर समिती विचार करेल.

"झालं तर मग," जनेल म्हणाली. "तू जा आणि सांग."

"मी जाणार नाही."

"का?"

"कारण तो खुलासा मला माहीत आहे," मी म्हणाले.

बग्जने टोपी काढून मांडीवर ठेवली. जनेल केस वाळवायच्या खुर्चीत बसली. मला दोघांचाही राग आला, पण इमारत पडली तर माझं दुकान जाणार होतं आणि ते दोघे माझ्यासाठीच धडपडत होते. मग मी सांगितलं.

माझी आई रंगाने फार उजळ होती. तो रंग तिच्या आजोबांकडून आला होता, आणि ते आजोबा कोण याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. माझे बाबा, होझिया पिटमन, चांगले काळे होते आणि मी त्यांच्यावर गेले. आईने १९४० साली दुकान काढलं. त्या सप्टेंबरात डिरेक्टरीचा माणूस नावं लिहीत लिहीत आमच्या दारात आला. आई बाहेर आली आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

गोरा माणूस काळ्या बाईला मान द्यायला टोपी काढत नसे. आईला तिथेच कळलं की याचा गैरसमज झालाय. "मिसेस...?" त्याने विचारलं. "पिटमन," आई म्हणाली. एवढ्यात काहीच खोटं नव्हतं, असं ती पुढे बाबांना सांगायची. पण मग त्याने नवऱ्याचं नाव विचारलं. नवरा मागच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होता. आई म्हणाली, "ते वारले."

गोरी बाई काळ्यांच्या गल्लीत काळ्या बायकांचे केस कशाला करत बसेल, असा प्रश्न त्या माणसाला पडला नाही. कदाचित पडलाही असेल. पण एकदा काढलेली टोपी परत घालायची म्हणजे स्वतःची चूक कबूल करायची, आणि ते त्याला जमण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून तो दर सप्टेंबरात यायचा आणि बाबा दर सप्टेंबरात मरायचे. बाबा त्यावर हसत. "बाकीचे एकदाच मरतात," ते म्हणत, "मी दर वर्षी मरतो आणि जेवायच्या वेळेला उठून बसतो." मला वाटतं, ते फक्त आईसाठी हसत.

आणि त्या चुकीचा उपयोग झाला, हेही खरं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर गॅस कंपनीने शहरात नळ टाकले, तेव्हा काळ्यांच्या गल्ल्या वगळल्या. पण हॅलाक स्ट्रीटवर डिरेक्टरीत एक मिसेस पिटमन होत्या आणि त्यांनी अर्ज केला होता. त्यांच्यासाठी नळ आला. नळ गल्लीच्या टोकापासून येणार, म्हणजे वाटेत बेकरी, शिंपी, औषधवाला सगळे आलेच. प्रत्येकाने आपापली जोडणी मागून घेतली. कोळशावर कंगवे तापवणारी आई तीन शेगड्यांवर तापवायला लागली. बेकरीवाल्याचा पाव पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी सारखा भाजला गेला. गल्लीत कुणी कुणाला काही विचारलं नाही.

"मग ही तर चांगली गोष्ट आहे," जनेल म्हणाली. "आजीने त्यांना बारा वर्षं बनवलं. सांग की ही गोष्ट. सगळे टाळ्या वाजवतील."

"पुढचं ऐक," मी म्हणाले.

तो माणूस यायचा त्या दिवशी बाबांबरोबर मलाही मागच्या खोलीत बसावं लागायचं. मी सात वर्षांची होते त्या वर्षी तो आला तेव्हा बाबा स्टेशनवर हमालीला गेले होते आणि मी एकटीच होते. बाहेर आईचा आवाज येत होता, तिचा नसलेला, नाकातून काढलेला. त्याच सकाळी माझा पुढचा दात पडला होता. तो मी रुमालात धरून बसले होते आणि मला तो आईला दाखवायचा होता. मी किती वेळ थांबले मला माहीत नाही. सात वर्षांच्या पोरीला वाटेल तितका. मग मी दार उघडून बाहेर गेले आणि आईचा एप्रन धरला. म्हणाले, "आई, दात पडला."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने माझी बोटं एप्रनवरून सोडवली, एकेक. म्हणाली, "धुणंवालीची पोर आहे. लाडावून ठेवलीय, सगळ्यांनाच आई म्हणते. जा गं मागे."

तो हसला. त्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून मला दिली आणि मी ती घेतली. आईपेक्षा त्या गोळीचा राग मला जास्त वर्षं आला.

आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. १९८८ साली ती गेली तेव्हा तिचे शेवटचे केस मी केले, बग्जच्या तळघरात. आमच्यात तसंच असतं. जी आयुष्यभर केस करते, तिनेच शेवटचेही करायचे. कंगवा तापवताना मी तिला मोठ्याने म्हणाले, आता तरी सांग, मी कुणाची पोर. मेलेल्या बाईशी असं बोलू नये. पण मी बोलले, आणि मला अजून त्याचं वाईट वाटत नाही.

"म्हणून मी जाणार नाही," मी म्हणाले. "तिने मला नाकारलं, हे मी माइकसमोर उभी राहून सांगायचं आणि त्याबद्दल मला इमारत मिळणार. नको मला."

जनेल रडत होती. बग्ज रडत नाही, त्याच्या धंद्यात ते परवडत नाही. त्याने टोपीची कड चाचपत विचारलं.

"कुठलं साल, ओझेल?"

"सांगितलं की. सात वर्षांची होते. बावन्न."

"सप्टेंबर बावन्न. आणि त्याने त्या दिवशी काय लिहून नेलं?"

"नेहमीचंच. मिसेस, विधवा."

"जनेल, त्रेपन्नचं पुस्तक कधी छापून आलं?"

"जानेवारीत," जनेल म्हणाली आणि नाक पुसता पुसता थांबली.

"सप्टेंबरात त्याने गोरी बाई लिहून नेली," बग्ज म्हणाला, "आणि जानेवारीत तीच बाई काळी छापून आली. मग चांदणी कुणी लावली?"

इतकी वर्षं मी ती पुस्तकं कधी उघडून पाहिलीच नव्हती. माझ्या डोक्यात ती मिसेस कायमची मिसेसच होती. पुढच्या वर्षीपासून सप्टेंबरात मी शाळेत असायचे, तो माणूस पुन्हा मला दिसला नाही. पत्रात १९५३ लिहिलेलं मी दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा नुसती चिडले होते.

"त्याच दिवसांत तुझ्या आईला माझा बाप तिथे घेऊन गेला होता," बग्ज म्हणाला. "आमच्या शववाहिकेतून. तीच एक गाडी होती. डिरेक्टरीचं ऑफिस मेन स्ट्रीटवर. ती पुढच्या दाराने आत गेली, तिला कुणी अडवलं नाही. बाप समोर गाडीत बसून राहिला. तास झाला तरी बाई येईना. त्याला वाटलं आता हिला उचलूनच आणावं लागणार, गाडी तरी योग्य आणलीय. शेवटी ती बाजूच्या बोळातून चालत आली. पुढच्या दाराने गेलेली बाई काळ्यांसाठीच्या मागच्या दाराने बाहेर आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाली, 'पुस्तकात चूक होती, दुरुस्त करून आले.'"

"हे तू मला आज सांगतोस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. तुमच्या घरातली गोष्ट."

"एकाहत्तर वर्षं झाली, बग्ज."

"तू विचारलं नाहीस. आणि आम्ही लोकांच्या घरातलं बोलत नाही, त्यावरच आमचा धंदा टिकलाय."

मग मला रडू आलं. रागही आला. बग्जचा, त्याच्या बापाचा आणि सगळ्यात जास्त आईचा. तिने एक वाक्य बोलायला काय हरकत होती? छत्तीस वर्षं आम्ही एका दुकानात पाठीला पाठ लावून उभ्या होतो. पण आता काही गोष्टी जागेवर बसत होत्या. त्या हिवाळ्यापासून तेलाचा विक्रेता दुकानात शिरताना टोपी डोक्यावरच ठेवायला लागला. आई गिऱ्हाइकांना म्हणायची, "बरं झालं, त्याला टक्कल आहे." सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. आग लागली तर भरपाई देणाऱ्या कंपनीने त्याच वर्षी आमचं नाव काढून टाकलं. आई मग रोज दुकान बंद करताना तिन्ही शेगड्या दोन दोनदा तपासायची. मला वाटायचं हिला म्हातारपणाचा चाळा लागला. ती तेव्हा चौतीस वर्षांची होती. फक्त गॅसचा नळ त्यांना परत नेता आला नाही. तो जमिनीत होता.

मंगळवारी मी गेले. निळा ड्रेस घातला, केस जनेलने केले, वाईट केले. सभागृहात समितीची सात माणसं होती आणि कंपनीचा एक वकील. मी शपथ घेतली आणि सगळं सांगितलं, टोपीपासून शववाहिकेपर्यंत. दातही सांगितला, गोळीही सांगितली. मध्ये एकदाच थांबून मी पाणी प्यायले. नंतर बग्जने आपल्या बापाचं सांगितलं. वकिलाने विचारलं, या सगळ्याला कागदाचा आधार काय? अध्यक्षबाई म्हणाल्या, कागदच सांगतोय. चार महिन्यांत कुणी गोऱ्याचं काळं आपोआप होत नाही, आणि स्वतःहून कुणी उगाच होऊन घेत नाही.

हात वर झाले. सातपैकी सहा. पाचवं दुकान धरलं गेलं.

मला वाटलं आता निघावं. पण कागद पुरा करायचा होता. प्रेस्टनने दुरुस्तीचा तक्ता तयार केला आणि माझ्या सहीसाठी आणून दिला. चांगला पोरगा आहे, त्याचे कान लाल झाले होते. १९४१ ते १९५२ या ओळीत त्याने आईच्या नावापुढे पेनाने स्वच्छ चांदणी काढली होती. आणि 'मिसेस' खोडलं होतं.

"हे का खोडलं?" मी विचारलं.

"मॅडम, पुढच्या वर्षांशी जुळावं म्हणून. चांदणी असली की त्या पुस्तकांत मिसेस नसायचं. तशी पद्धत होती."

"पद्धत मला माहीत आहे. माझ्या समोर होती ती. चांदणी राहू दे, ती तिने स्वतः जाऊन मागून घेतलीय. पण मिसेस परत लिही. ती लग्नाची बाई होती. खोडायचंच असेल तर पुढचा शब्द खोड."

पुढचा शब्द 'विधवा' होता. प्रेस्टनने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने 'विधवा' खोडलं आणि मी सांगितलं तसं लिहिलं: पती होझिया पिटमन, हयात. मग त्याने 'मिसेस' परत लिहिलं, आधीपेक्षा जरा मोठं.

"आणखी काही, मॅडम?"

"मुलं लिहायची राहिली."

"या तक्त्यात मुलांना रकाना नाहीये," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून त्याने पेन परत उघडलं. "कडेला जागा आहे. किती मुलं?"

"बावन्न सालचं विचारतोयस ना," मी म्हणाले. "एक. मुलगी, ओझेल, वय सात. तिची स्वतःची."

त्याने ते तसंच लिहिलं आणि मी खाली सही केली.